देवीला नोटीस कुणी दिली?

आमच्या सासूबाई पत्ता सांगायला लागल्या की ऐकणारा थेट पाण्यात जातो. "वेशीवरनं डावीकडं वळा, मारुतीच्या मागनं या," असं त्या ठासून सांगतात, आणि ती वेस, तो मारुती, ती डावीकडची गल्ली सगळं उजनी धरणाच्या पाण्याखाली जाऊन दोन पिढ्या झाल्या. एकदा बारामतीहून आलेला कुरिअरवाला त्यांचं ऐकून काठावर जाऊन उभा राहिला आणि तिथून त्यानं मला फोन केला, "मॅडम, पुढं नुसतं पाणीच दिसतंय." मी म्हटलं, "मागं फिरा, आणि परत म्हातारीला पत्ता विचारू नका."

त्यांचं नाव सरुबाई. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणते. मी शालन, बारामतीची माहेरवाशीण. लग्न करून आले तेव्हा पहिलं वर्ष माझं नुसत्या गोंधळात गेलं. आत्या म्हणायच्या, "गावाला जाऊन येती," आणि निघायच्या धरणाकडं. मी म्हणायचे, अहो, आपण गावातच तर बसलोय. पण डाळजच्या शेजारचं हे आमचं नवं गाव आत्यांच्या लेखी गावच नाही. त्याला त्या अजून 'कॅम्प' म्हणतात. कॅम्पात आता दुमजली बंगले आहेत, डेअरी आहे, शाळेला रंगीत कंपाउंड आहे. तरी कॅम्प तो कॅम्पच.

दर उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं, उघड्या पडलेल्या गाळात लोक पेरणी करतात. मग जुन्या घरांची जोती वर येतात, आडाचा कठडा दिसायला लागतो आणि शेवटी देवीचं देऊळ उघडं पडतं. त्या दिवसाची आत्या वर्षभर वाट बघतात. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड घेऊन गाळ तुडवत जातात आणि देवीची ओटी भरून येतात. पहिल्या ओटीचा मान आमच्या घराचा आहे, तो त्यांच्या सासूकडून त्यांच्याकडं आलेला. ज्या वर्षी पाणी उतरत नाही, त्या वर्षी मासे धरणाऱ्या कुणाला तरी गळ घालून होडीतून जातात, अंदाजानं एका ठिकाणी होडी थांबवतात, "आई, आली गं मी," अशी हाक मारतात आणि ओटी पाण्यात सोडतात. तो अंदाज बरोबर असतो की नाही, हे विचारायची आमची कुणाची हिंमत नाही.

गाव उठलं तेव्हा त्या नव्या नवरीच्या जरा पुढच्या, आणि आमचे हे, म्हणजे दादासो, त्यांच्या कडेवर. दाराची चौकट, जातं, उखळ, कोंबड्यांची खुराडी, सगळं बैलगाडीत घालून आणलं. देवी मात्र तिथंच राहिली. आमची देवी म्हणजे कोरलेली मूर्ती नाही, तांदळा आहे. जमिनीतून आपोआप वर आलेला, शेंदूर फासलेला दगड. जाणती माणसं म्हणाली, जमिनीतून आलेलं उपटायचं नसतं. तेवढं एक वाक्य आत्यांनी पदराला बांधलं ते आजतागायत.

खरी अडचण गेल्या वर्षी सुरू झाली. कॅम्पात वर्गणी काढून देवीचं नवं देऊळ बांधलं. चांगलं बांधलं, खोटं कशाला बोलू. जयपूरहून मूर्ती आणली, काळ्याभोर पाषाणाची, टपोऱ्या डोळ्यांची. कलशारोहण माघात ठरलं आणि देऊळ कमिटीचे अप्पा आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"आत्याबाई, पैली ओटी तुमच्या घरची. वाजत न्यायला येतो आमी."

"कुणाची ओटी?" आत्यांनी विचारलं.

"देवीची."

"देवी तितं हाय. हितं काय हाय?"

अप्पा पाण्याचा तांब्या हातात धरून बराच वेळ समजावत राहिले. गाव इकडं आलं, देवीनंही यायला नको का, म्हणाले. त्यावर आत्या जे बोलल्या, ते पुढं पंचक्रोशीत गाजलं. "सरकारनं माणसांस्नी नोटिसा दिल्या म्हणून माणसं उठली. देवीला नोटीस कुणी दिली? ती कशी उठंल?"

अप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण कमिटीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. जाताना त्यांनी आमच्या ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं की आत्याबाई आल्या नाहीत तर देवीला उपाशी ठेवता येणार नाही, ओटीचा मान दुसऱ्या घराला द्यावा लागेल. आणि एकदा गेलेला मान परत येत नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

हे रात्रंदिवस कुढायला लागले. आईला बोलता येईना आणि मान सोडवेना. मलाही राग आला. मान गेला तर माझ्या हातून गेला असंच लोक म्हणणार, सुनेलाच नेहमी बोल लागतो. त्याच सुमारास आमची मुलगी अबोली, बारामतीला कॉलेजात असते, तिनं गोव्याचा धोशा लावला. सगळ्या मैत्रिणींनी समुद्र बघितलाय, आपणच राहिलोय. ह्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "आयेला पण न्हेऊ. देवदर्शन म्हणून सांगू. चार दिस हवापालट झाला की ऐकंल." ताकाला जाऊन भांडं लपवायची आमच्या ह्यांची जुनी सवय आहे. मी म्हटलं, न्या, पण समुद्रात पाय बुडवल्याशिवाय मी परत येणार नाही.

देवदर्शन म्हटल्यावर आत्यांनी तयारी सुरू केली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि एका पिशवीत पाच ओट्यांचं सामान. "वाटंत किती देव्या लागत्याल काय सांगावं," म्हणाल्या. अबोलीच्या बॅगेत टोपी, गॉगल, उन्हाचं क्रीम, आणि त्याच डिकीत आत्यांचे पाच नारळ. फलटण, सातारा, कोल्हापूर करत, आंबोलीचा घाट उतरून आम्ही गोव्यात पोचलो तेव्हा दिवस कलला होता. हॉटेलात सामान टाकून थेट किनारा गाठला.

समुद्र बघितल्यावर मी ओरडलेच. एवढं मोठं काही मी आयुष्यात बघितलं नव्हतं. अबोली फोटो काढत पळत सुटली, आमचे हे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून लहान पोरासारखे पाण्यात गेले. आत्या मात्र वाळूत उभ्या. पदर डोक्यावर, पिशवी छातीशी. बघत राहिल्या, बघत राहिल्या, आणि मग माझा हात घट्ट धरून म्हणाल्या,

"शालन, किती गावं गेली गं ह्यात?"

मला आधी कळेचना. मग कळलं आणि हसू आलं. म्हटलं, "आत्या, हे धरण नाही. समुद्र आहे. पहिल्यापासून आहे."

"मंग भिंत कुठं हाय?"

"भिंत नसते समुद्राला."

"भिंतीबिगर इतकं पाणी थांबतंय व्हय?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की माझंच शिक्षण कुठंतरी कमी पडलं असावं. मग पिशवीतून एक नारळ काढला आणि समुद्राची ओटी भरली. ज्यांची घरं गेली असतील त्यांच्या नावानं, म्हणाल्या. शेजारी बसलेलं परदेशी जोडपं हात जोडून उभं राहिलं, त्यांना वाटलं लग्न लागतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तर ओहोटी लागलेली. पाणी लांब आत गेलेलं, ओली वाळू चकाकत होती. आत्यांचा चेहरा एकदम उजळला. "पाणी सोडलं वाटतं खाली!" म्हणाल्या आणि चपला हातात घेऊन सरळ चालायला लागल्या. मी मागून, "अहो आत्या, कुठं?" त्या ऐकतात होय. खाली बघत, वाळू पायानं सारत, वाकत वाकत पुढं. त्या घरांची जोती शोधत होत्या. माझ्या लक्षात आलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. जीवरक्षक शिट्टी वाजवत, पुढं जाऊ नका म्हणून हात हलवत धावत आला. "आजी, फुडें वचूं नाकात!"

आत्यांनी त्यालाच विचारलं, "बाळा, पाणी उतरल्यावर देऊळ दिसतं का रं हितं?"

त्यानं गोंधळून मागं रस्त्याकडं बोट दाखवलं. "देऊळ तिथे. रस्त्यार."

"ते नव्हं. आतलं."

तो माझ्याकडं बघायला लागला, मी आभाळाकडं.

दुपारी आम्ही छत्रीखाली शहाळी पीत बसलो होतो, तर भरती आली आणि पाणी आमच्या खुर्च्यांपर्यंत. दशम्यांची पिशवी भिजली. आत्या उठून उभ्याच राहिल्या. "सकाळी सोडलं, दुपारी परत भरलं? हितला इंजिनेर येडा हाय का काय? एवढ्यात गाळात पेरणार कवा नि काढणार कवा?" अबोलीनं चंद्राचं सांगितलं, चंद्र पाणी ओढतो म्हणून. आत्या म्हणाल्या, "चंद्राचं काय काम हितं," आणि पुढं बोलायचं बंद केलं. रात्री ताटात सुरमई आली तेव्हा मात्र बोलल्या. मासा आमच्याकडं नवा नाही, धरणातली चिलापी आम्ही आठवड्याला खातो. एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "चिलापीगत न्हाय. पण बरी हाय बिचारी."

तिसऱ्या दिवशी इतिहास बघायचा म्हणून अबोलीनं जुन्या गोव्यातलं चर्च दाखवलं. तिथं बाळाला घेतलेली माउली बघून आत्यांनी पिशवीत हात घातला. "लेकुरवाळी हाय, मोकळ्या हातानं कसं जायचं?" आमच्या ह्यांनी त्यांना हळूच बाहेर आणलं, तर दाराशी बसून म्हणाल्या, "देव सगळे आपापल्या घरात हायती का हितले? का कुणाला उठवलंय?" ते बोलणं मी तेव्हा कानाआड केलं. मला भूक लागली होती.

पण तिथून फोंड्याकडं एका देवीच्या देवळात गेलो, आणि घोडं तिथंच पेंड खायला लागलं.

देऊळ मोठं, समोर तळं, उंच दीपमाळ. आत्या खूश झाल्या. इतक्या दिवसांनी त्यांना ओळखीचं काहीतरी भेटलं होतं. तळ्यात पाय धुतले, रांगेत शिस्तीत उभ्या राहिल्या, आणि ओटी पुजाऱ्यांच्या हातात देता देता सवयीनं विचारलं, "आई मूळची हितलीच का?"

"नाही हो आजी," पुजारी म्हणाले. वयस्क गृहस्थ, बोलायला मोकळे. "मूळ स्थान नदीपलीकडं. पोर्तुगीज देवळं पाडायला लागले, तेव्हा गावकऱ्यांनी देवीला उचललं आणि होडीत घालून इकडं आणलं. इथल्या कितीतरी देवांचं असंच झालंय."

आत्यांचा हात तसाच पुढं राहिला. ओटी त्यांनी सोडली नाही. "उचललं? देवीला?"

"मग काय करणार?"

"तिला इचारलं का कुणी?"

पुजारी हसले. "कौल घेतला असेल. नसेलही. पळताना वेळ कुठं असतो?"

"आन् जुन्या जागंवर आता कोण हाय?"

"कुणी नाही. माणसं इकडं आली, देवी माणसांबरोबर आली. तिथं एकटी राहून ती काय करणार होती?"

मागची रांग खोळंबली. आमचे हे "आये, चल" करायला लागले. आत्या हलेनात. त्यांचा आवाज चढला. "तुमची उचलाय येत व्हती. आमची जमिनीतली हाय."

"जमिनीतली काय आणि पाटावरची काय, आजी. तिला हाक मारणारं कुणीतरी लागतं."

"मी मारती की हाक! दर सालाला मारती!"

"कुठं?" पुजाऱ्यांनी विचारलं.

"पाण्यात," आत्या म्हणाल्या.

पुजाऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "आम्ही धरणग्रस्त आहोत." त्यांना त्यातून काय समजलं देव जाणे, पण त्यांनी हात जोडले, अगदी मनापासून, आणि ओटी आत्यांच्या हातातून हळूच काढून घेतली. आत्या बाहेर येऊन तळ्याच्या पायरीवर बसल्या. मी पाणी दिलं, घेतलं नाही. म्हणाल्या, "म्हंजी ही बी आपल्यातलीच म्हणायची." आणि थोड्या वेळानं, "चुकीचं सांगत असंल का गं तो?"

आजवर मला वाटायचं की आत्या हट्टी आहेत, बास. मान जाईल, लोक नावं ठेवतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या पायरीवर मात्र मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. देवी जर माणसांबरोबर आली असेल, तर ही बाई एवढे उन्हाळे कुठं जात होती, कुणाकडं? आणि आली नसेल, तर तिला तिथं सोडून हिनं नव्या देवळात कसं जायचं? माझ्या परीनं मी विचार केला आणि मीच गुरफटले. अबोलीला विचारलं तर ती म्हणाली, "मम्मी, देव सगळीकडंच असतो ना." शिकलेल्या पोरांचं हे बरं असतं, एका वाक्यात हात झटकून मोकळी होतात.

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी गाणी लावली नाहीत. आंबोलीच्या घाटात आत्यांनी एकदाच तोंड उघडलं. "दादा, त्या टायमाला आपली गाडी निघाली, तवा माझ्या मागं कुणी चाललं व्हतं का रं?"

"आये, मी कडेवर व्हतो तुझ्या. मला काय म्हाईत?"

"मी मागं वळून बघितलंच न्हाय," आत्या म्हणाल्या. "आत्याबाईंनी सांगितलं व्हतं, वळून बघायचं न्हाय. न्हाय बघितलं." आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासू. देवी आपल्या माणसामागं चालत येते आणि त्यानं वळून बघितलं की तिथंच थांबते, असं जुनी माणसं सांगतात.

घरी आल्यावर पंधरा दिवस त्या जेवायच्या, कामं करायच्या, पण कुठं नजर लावून बसायच्या ते कळायचं नाही. कधी धरणाच्या बाजूला तोंड करून, कधी नव्या देवळाच्या. एकदा आमच्याच गल्लीत उभ्या राहून त्यांनी मला विचारलं, "आपलं घर कुठलं गं?" मी घाबरले. ह्यांनी भिगवणच्या डॉक्टरांना दाखवायचं ठरवलं. पण त्या विसरल्या नव्हत्या. हे घर आपलं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं, असं मला आता वाटतं.

कलशारोहणाच्या आदल्या दिवशी अप्पा आले. "आत्याबाई, काय ठरलं?"

"म्हाईत न्हाय. येती नि बघती."

येणार म्हणजे ओटी भरणार की नुसतं बघणार, याचा उलगडा अप्पांना होईना. ते माझ्याकडं बघायला लागले, मी काय सांगणार? कमिटीनं शहाणपणा केला. दुसऱ्या दिवशी देवळात दोन ताटं तयार होती. एक माझ्या हातात आणि एक दुसऱ्या भावकीतल्या थोरल्या सुनेच्या हातात, झाकलेलं. ती माझ्याकडं बघत नव्हती आणि मी तिच्याकडं.

हलगी वाजत होती, बाया दारापर्यंत दाटल्या होत्या. आत्या आल्या आणि कुणाशी न बोलता सरळ गाभाऱ्यात मूर्तीसमोर उभ्या राहिल्या. बघत राहिल्या. भटजी म्हणाले, "भरा ओटी." त्यांनी ऐकलं नाही. भटजी परत म्हणाले. मागून कुणीतरी कुजबुजलं, "न्हाय भरत म्हातारी." दुसऱ्या ताटावरचा रुमाल निघाला. हे दारात उभे होते, त्यांनी मान खाली घातली.

आत्या पुढं वाकल्या आणि शेजारणीला विचारावं तसं मूर्तीला विचारलं, "कवा आलीस?"

हलगी आपोआप थांबली.

"कवा आलीस गं हितं? आं?" "मला सांगायचं तरी व्हतंस. मी दर उन्हाळ्याला चिखलातनं तुला हाका मारत फिरती, पाण्यात नारळ सोडती, आन् तू हितं कोरड्यात येऊन बसलीस? एकदा तरी म्हणायचं, सरू, मी हितं हाय."

मूर्ती टपोऱ्या डोळ्यांनी बघत होती. आत्यांनी मागं न बघता हात पुढं केला. मी ताट दिलं. त्यांनी खण ठेवला, तांदूळ घातले, हळकुंड ठेवलं. नारळ आम्ही दोघींनी मिळून ठेवला. पदरानं त्यांनी आधी देवीचा चेहरा पुसला, मग स्वतःचा, आणि सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात देवीला बजावलं,

"आता आलीयास तर ऱ्हा. आन् पुन्यांदा कुणी उठवलं, तर मला घेतल्याबिगर जाऊ नगंस."